सरांची जिरवायची होती

डूख धरायला मला कोणी शिकवलं न्हाई, ते उपजतच आहे. माय म्हणायची, "हिच्या शेपटीवर पाय देऊ नका, ही इसरत न्हाई." एका माणसानं दिला. तो आमचा दहावीचा गणिताचा सर. तोंडावर मी त्याला सर म्हणत गेले, अहो-जाहो करत गेले, पण मनात तो पहिल्या दिवसापासून 'तो' होता आणि इथंही मी त्याला 'तो'च म्हणणार. कोणाला वाईट वाटत असंल तर वाटू द्या.

नव्वद साल उलटून गेल्तं. आमचं गाव कुंभार पिंपळगावाच्या अलीकडं, आणि गावात दहावीपर्यंत शाळा. त्या साली शाळेत नव्या मुख्याध्यापिका आल्त्या, जालन्याच्या. आम्ही त्यांना बाई म्हणायचो. बाई कुठलं तरी प्रशिक्षण करून आल्या आणि त्यांनी एक नवीनच टूम काढली. दहावीच्या प्रत्येक लेकरानं आठ दिवस एका काम करणाऱ्या माणसाच्या मागं राहायचं. तो जाईल तिथं जायचं, तो करील ते बघायचं, मधी बोलायचं न्हाई. मंग शनिवारी शाळेच्या पटांगणात गावासमोर सांगायचं, काय बघितलं. "पुढं काय व्हायचं ते पुस्तक वाचून कळत नाही, माणूस बघून कळतं," असं बाई म्हणायच्या. गावानं त्याला नाव ठेवलं, मागं हिंडायचा आठवडा.

कोणी कोणाच्या मागं जायचं हे ठरवायचं काम वर्गशिक्षकाचं, म्हणजे त्याचं.

आता तो काय होता ते सांगते. घरचा मोठा शेतकरी, गावातलं जुनं खटलं, काळं रान, मोसंबीचा बाग. गणिताच्या तासाला तो खुर्चीवर बसायचा, मॉनिटरला गाइड द्यायचा आणि म्हणायचा, उतरव फळ्यावर. मंग पेपर तोंडावर घ्यायचा. पेपर वरखाली व्हायला लागला की आम्ही समजायचो, लागला डोळा. कार्यानुभवाच्या तासाला पोरं त्याच्या बागेत जायची, झाडांना आळी करायला. ज्यांच्या घरी पैसा होता त्यांची लेकरं जालन्यात खोली करून राहायची, तिथं क्लास लावायची. बाकीची गणितात उडायची. आमच्या बौद्धवाड्यातलं तर तोपर्यंत एक लेकरू त्या शाळेतून दहावी निघालेलं न्हव्हतं. सगळी गणितातच उडाली. माझा थोरला भाऊ दोनदा उडाला आणि जालन्याला सळईच्या कारखान्यात भट्टीवर गेला. गणित सुटलं तरच मी रानातून सुटणार, एवढं मला पक्कं कळत होतं. आणि ते ज्याच्या हातात होतं तो पेपर तोंडावर घेऊन झोपून राह्यला होता.

तर त्यानं एकेकाला उभं केलं. पाटलाच्या पोराला म्हणला, तू जालन्यात जा, बियाणाच्या कंपनीतला साहेब माझ्या ओळखीचा आहे. किराणावाल्याच्या पोराला बँकेत धाडलं. सुताराच्या पोराला म्हणला, तू घरीच थांब, बापाचा रंधा बघ. पोरींना अंगणवाडीच्या बाईच्या मागं न्हाई तर शिवणकामवालीच्या मागं. मंग मी उभी राह्यले.

"तू?" त्यानं माझ्याकडं धड बघितलं पण न्हाई. "तू मायच्या मागं जा. माझ्याच रानात असती. खुरपण चालूय. बघता बघता एखादी पात धरलीस तरी चालंल. पुढं तेच करायचंय न्हाई का."

वर्ग हसला. माझ्या शेजारी बसणारी मैतरीण पण हसली, ते मला जास्त लागलं. माझे कान तापले.

"ते मला येतंय, सर," मी म्हणले. "पाचवीपासून करून राह्यले. तुमच्याच रानात."

"मंग काय बघायचंय बाईसाहेबांना? कलेक्टर?"

परत हशा. आणि तेव्हाच माझ्या तोंडून निघालं, "मास्तर बघायचाय. तुमच्या मागं येते."

मला मास्तरीण व्हायची हौस होती असं कोणी समजू नका. आज मी गणितच शिकवते, म्हणून लोकांना वाटतं की लहानपणापासूनचं स्वप्न असंल. स्वप्न बिप्न काही न्हव्हतं. मला त्याची जिरवायची होती. कशी, ते माहीत न्हव्हतं.

त्याचं नशीब खोटं, बाई दारातच उभ्या होत्या. त्या आत आल्या आणि म्हणल्या, "हे फार चांगलं. शिक्षकाचं काम कोणी बघितलंच पाहिजे." आता बाईपुढं न्हाई म्हणायची सोय राह्यली न्हाई. आणि तिथं त्यानं चूक केली. आमच्याकडच्या मोठ्या घरच्या माणसांना चारचौघात दिलदारी दाखवायची खोड असती. पंगतीत आग्रह करावा तसं ते काही पण देऊन टाकतात. तो म्हणला, "बसू द्या की बाई. पोट भरेस्तोवर बघ म्हणावं. मी काय चोरी करतो का?" चोरीचं कोणी विचारलं पण न्हव्हतं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

सोमवारी बाईंनी ऑफिसातली हाताची एक खुर्ची वर्गात आणवली आणि फळ्याजवळ कोपऱ्यात, वर्गाकडं तोंड करून ठेवली. मी तिच्यावर बसले. बौद्धवाड्यातली पोरगी फळ्याजवळ खुर्चीवर, आणि पाटलाचा, देशमुखाचा पोरगा समोर बाकावर. कोणी हसलं न्हाई. मी पाय एकमेकात अडकवून घट्ट बसून राह्यले.

तो आला. गाइड मॉनिटरकडं धरलं. मंग माझ्याकडं बघितलं. मी त्याच्याकडं बघून राह्यले. मी काही लिहीत न्हव्हते, काही बोलत न्हव्हते. बाईंनी सांगितलंच होतं, बघायचं. त्यानं पेपर उचलला, उलगडला, परत घडी केली. शेवटी उठला आणि खडू घेतला.

"डोळे वटारून काय बघती?"

"तुम्हीच म्हणले, बघ म्हणून."

मागच्या बाकावर कोणीतरी खुसखुसलं. तो फळ्याकडं वळला आणि त्यानं शिकवायला सुरवात केली.

आता खरं सांगायचं तर मला वाटलं होतं, याला येतच नसंल. येत न्हाई म्हणून झोपतो. मी तीच मजा बघायला बसल्ते की हा फळ्यावर अडकणार आणि घाम पुसणार. पण त्यानं फळ्यावर एक चौकोनी वावर काढलं. मधी एक उभा बांध घातला, एक आडवा बांध घातला, चार तुकडे केले. म्हणला, हा तुकडा थोरल्या भावाचा, हा धाकट्याचा, आणि हे दोन सारखे तुकडे, याच्यावरून भांडण. आता सांगा, सगळं वावर केवढं? आणि बेरजेच्या वर्गाचं जे सूत्र आम्ही नववीपासून पोपटासारखं म्हणत होतो, ज्यातलं मधलं पद आम्ही दरवेळी विसरायचो, ते सगळ्या वर्गाला त्या एका चित्रात दिसलं. विसरलेलं पद म्हणजे ते भांडणाचे दोन तुकडे. सुताराचं पोरगं जोरात म्हणलं, "आयला, असं आहे व्हय हे." तो हसला. खडूचे हात झटकले आणि पुढचं उदाहरण घातलं. एकदम बराबर, कुठं अडणं न्हाई, कुठं गाइड न्हाई.

माझ्या अंगाची लाही झाली. न येणाऱ्या माणसाचा एवढा राग येत न्हाई. याला सगळं येत होतं. माझा भाऊ याच खोलीत याच बाकावर बसून दोनदा उडाला, आणि या माणसाच्या हातात ते सगळं होतं. द्यायची इच्छा न्हव्हती, बस एवढंच. एखाद्याच्या घरी भाकरीची दुरडी भरलेली असावी आणि त्यानं ती झाकून वर बसावं, तसं. त्या दिवशी मी ठरवलं की याला मी सोडत न्हाई.

आठ दिवस मी त्याच्या मागं राह्यले. मी प्रार्थनेच्या आधी गेटाशी उभी असायची, म्हणून तो वेळेवर यायला लागला. मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत दाराशी उभी राहायची, म्हणून त्याला तंबाखू मळता येईना. कार्यानुभवाच्या तासाला त्यानं पोरांना बागेकडं वळवलं तर मी पण निघाले. तो थांबला, म्हणला, आज वर्गातच बसा. मंग त्या तासालाही भूमितीच शिकवली. आठ दिवसांत त्याचं तोंड वाळून गेलं. मला लई बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

शनिवारी पटांगणात सतरंज्या टाकल्या. गावातले बरेच लोक आल्ते, आमच्या वाड्यातल्या बाया मागं कडेला बसल्त्या, त्यात माझी माय होती. पाटलाच्या पोरानं बियाणाच्या कंपनीतल्या गार हवेच्या खोलीचं सांगितलं. किराणावाल्याच्या पोरानं बँकेतल्या शिक्क्यांचं सांगितलं. मंग माझी पाळी आली. तो पहिल्या रांगेत बसल्ता आणि ओठ घट्ट मिटून माझ्याकडं बघत होता. त्याला वाटत होतं मी झोपेचं सांगणार, बागेचं सांगणार. मी पण तेच ठरवून गेल्ते. पण उभी राह्यल्यावर मला कळलं की ते सांगितलं तर आज सगळे हसतील, दोन दिवस बोलतील, आणि सोमवारी हा परत पेपर तोंडावर घेईल. हसून माझं गणित सुटणार न्हव्हतं.

मी म्हणले, "मी सरांच्या मागं राह्यले. सर फार चांगलं शिकवतात. जूनपासून जेवढं झालं न्हव्हतं तेवढं सरांनी या आठ दिवसांत शिकवलं. ज्याला खोटं वाटतं त्यानं आपल्या लेकराला विचारावं."

पुढं बसलेल्या बापांनी एकमेकांकडं बघितलं. जूनपासून एवढं कामून झालं न्हाई, हे ज्याच्या त्याच्या ध्यानात आलं. त्याचं तोंड असं झालं की कौतुक गिळावं का थुंकावं.

"पण माझं बघणं अजून झालं न्हाई," मी म्हणले. "सर सगळ्यांसमोर म्हणले होते, पोट भरेस्तोवर बघ. माझं पोट भरलेलं न्हाई. मी खुर्चीवर बसणार."

बाईंनी माझ्याकडं बघितलं. त्या काही येड्या न्हव्हत्या, सगळं समजल्या होत्या. त्या एवढंच म्हणल्या, "सरांनी शब्द दिलाय तर बस."

सोमवारी मी खुर्चीवर बसले. मंगळवारी दुपारी शाळेतून आले तर माय घरी. खुरपं कोपऱ्यात टाकलेलं आणि ती भिंतीला टेकून बसलेली. त्याच्या सालगड्यानं बांधावरूनच सांगितलं होतं, मास्तर म्हणले, उद्यापासून येऊ नको. माझा बाप ट्रकवर होता, महिन्या-दोन महिन्यांनी घरी यायचा, त्याच्या पैशाचा भरवसा न्हव्हता. घर मायच्या रोजावर चालायचं. मला वाटलं आता ही मला बदडणार, आणि मला ते बरंच वाटलं असतं. मी म्हणले, "माय, मी उद्या जाऊन पाया पडते त्याच्या. खुर्ची सोडते."

मायनं तांब्या उचलला, पाणी पिली, तोंड पुसलं.

"खुर्ची हाय ना अजून?"

"हाय."

"मंग उठायचं न्हाई. रोज गेला तो गेला. आता खुर्ची बी सोडली तर आपण दोन्हीकडून गेलो."

त्या दिवसापासून माय पल्याडच्या गावाच्या शिवारात जायला लागली. पहाटंच निघायची, अंधार पडल्यावर यायची. वाड्यातल्या बाया त्याच्याच रानात जात राह्यल्या, त्यांनी तरी काय करावं. जाता-येता मायला टोमणे मारायच्या, पोरीला खुर्ची शोभती का म्हणून. माय ऐकून घ्यायची. रात्री पायाच्या भेगांत तेल भरायची आणि मी शेजारी बसून उदाहरणं सोडवायची. एकेक भेग मी बघून ठेवली.

तो पण गप बसणारा न्हव्हता. "या, खुर्चीवरच्या बाईसाहेब," म्हणून फळ्यापाशी बोलवायचा आणि जे शिकवलंच न्हाई ते घालायचा. मी अडायची. वर्ग हसायचा. मी परत खुर्चीवर बसायची आणि त्याच्याकडं बघायची. दुसऱ्या दिवशी मी ते सोडवून आणायची, मंग तो त्याच्या पुढचं घालायचा. मला हरवायच्या नादात तो वर्गाला बोर्डाच्या पेपरातली अवघड अवघड उदाहरणं शिकवून राह्यला होता, आणि हे त्याच्या ध्यानात पण येत न्हव्हतं. एकदा त्यानं चिडून विचारलं, "पोट भरलं न्हाई का अजून?" मी म्हणले, "न्हाई सर. लई दिवसांची उपाशी आहे."

दिवाळीनंतर मला थंडी वाजून ताप आला. घरी गोधडी घेऊन पडल्ते. दुपारी वाड्याच्या तोंडाशी सायकलची घंटी वाजली. बघते तर पाटलाचा पोरगा आणि सुताराचा पोरगा. पाटलाच्या घरचं माणूस आमच्या वाड्यात मतं मागायलाच यायचं, एरवी कधी न्हाई. तो सायकल धरून तिथंच उभा, आत यावं का न्हाई त्याला कळंना. "चल जल्दी," तो म्हणला. "तू न्हाई तर सर झोपला. परवा चाचणी आहे." मी म्हणले, ताप आहे. तर तो म्हणला, "तू नुसती बस. काही करू नको. बस नुसती." मी गोधडी गुंडाळून त्याच्या कॅरियरवर बसले आणि शाळेत गेले. वर्गात तो पेपर तोंडावर घेऊन पडल्ता, आवाजानं पेपर काढला, दारात मला बघितलं आणि खडू घेतला. असं मी मार्चपर्यंत बसले.

जूनला निकाल लागला. बौद्धवाड्यातून आम्ही तिघं बसल्तो, तिघंही निघालो. गणितात तर वर्गातलं कोणीच उडालं न्हाई. असं त्या शाळेत कधी झालेलं न्हव्हतं. मायनं निकाल ऐकला, चुलीपुढं बसली आणि म्हणली, "आज गोड कर काही." मी गुळाच्या पोळ्या केल्या. मला वाटलं, जिरवली. इथं गोष्ट संपली असती तर किती बरं झालं असतं.

पंधरा ऑगस्टला शाळेत त्याचा सत्कार ठेवला. गावाच्या वतीनं शाल, नारळ, फेटा. तालुक्याचे साहेब आल्ते. आणि हाराचं ताट धरायला त्यांनी मला उभं केलं, कारण बौद्धवाड्यातून दहावी निघालेली पहिली पोरगी ताट धरून उभी असली की साहेबांच्या डोळ्यात भरतं. बाईंची बदली झाल्ती, त्या न्हव्हत्या. त्या असत्या तर हे झालंच नसतं.

तो बोलायला उभा राह्यला. "या लेकरांसाठी मी रक्ताचं पाणी केलं," म्हणला. "बौद्धवाड्यातल्या लेकरांकडं तर मी खास लक्ष दिलं. माझा अभ्यास बघायला एक मुलगी वर्षभर माझ्या शेजारी खुर्ची टाकून बसली, एवढी तिची माझ्यावर श्रद्धा." लोकांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी मान हलवली. माय त्या वर्षभर पल्याडच्या शिवारात चालत गेली, सगळी मेहनत आमची, आणि आयत्या पिठावर रेघोट्या हा ओढून राह्यला.

मी हार पुढं केला. त्यानं तो घालून घेतला, खाली वाकला आणि फक्त मला ऐकू येईल असं म्हणला, "तुला वाटलं माझी जिरवशील. बघ."

"जिरली की, सर," मी म्हणले. "वर्षभर शिकवावं लागलं न्हाई का."

त्याचे डोळे बारीक झाले. पण साहेब शेजारी होते, फोटोवाला समोर होता. त्यानं शाल नीट केली आणि तोंडभर हसला. मंग आजूबाजूच्या चारचौघांना ऐकू जाईल असा, एकदम दिलदार आवाज काढून म्हणला, "मायला सांग तुझ्या, उद्यापासून ये म्हणावं कामाला. झालं गेलं गंगेला मिळालं. मी मनात काही ठेवत न्हाई."

"मी ठेवते, सर," मी म्हणले, आणि ताट त्याच्या हातात देऊन मागं बायांत बसलेल्या मायकडं गेले.